गांजा तपासायची घरगुती पट्टी: घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी

अमळनेरला आमचं मेडिकल आहे. फार्मासिस्ट मीच, त्यामुळे काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते. गांजा घेतलाय का हे लघवीवरून सांगणारी पट्टी आम्ही दुकानात ठेवतो. ती मागायला पोरं कधी येत नाहीत, आईबाप येतात. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर बाजूला थांबून राहतात, गर्दी ओसरली की हळूच विचारतात. या पट्टीबद्दल मराठीत नीट कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही आणि खोक्यातला कागद इंग्रजीत असतो, म्हणून लिहितेय. हे मत एका कंपनीच्या मालाबद्दल नाही. बाजारात बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या आहेत आणि आतलं काम सगळ्यांचं सारखंच आहे. पुढे ज्या घरांबद्दल लिहिलंय त्यांची गावं आणि नाती बदलली आहेत.

खोक्यात चांदीच्या पाकिटात प्लास्टिकची एक छोटी कॅसेट, एक ड्रॉपर आणि ओल धरणारी पुडी असते. आमच्याकडे एक नग दोनशे रुपयांच्या आत पडतो. स्वच्छ डबीत लघवी घ्यायची, ड्रॉपरने खाचेत तीन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटांनी वाचायचं. दहा मिनिटं उलटून गेल्यावर जे दिसतं ते धरायचं नाही. कॅसेटवर ‘सी’ आणि ‘टी’ अशा दोन जागा असतात. सी म्हणजे पट्टी चालतेय की नाही त्याची खूण, टी म्हणजे तपासणी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. या पट्टीवर दोन रेषा आल्या तर गांजा सापडला नाही. एकच रेष आली, तीही फक्त सीपाशी, तर सापडला. आपल्या घराघरांत माहीत असलेली पट्टी म्हणजे दिवस गेलेत का ते बघायची, आणि तिच्यात दोन रेषा म्हणजे ‘आहे’. त्यामुळे आया दोन रेषा बघतात आणि हादरतात. एक बाई भर दुपारी धापा टाकत दुकानात आल्या, पट्टी रुमालात गुंडाळलेली. “ताई, दोन लाइनी उन्यात. मना पोर्‍या वाया गया.” मी पट्टी हातात घेतली. टीची रेष फिकट होती पण होती. फिकट असली तरी रेष ती रेषच, त्यात गांजा नाही. पण तोवर घरी त्याच्या बापाने पट्टा काढला होता. पोरगा दहावीतला. त्याने काही केलेलं नसताना मार खाल्ला, आणि ज्या कागदावर हे स्पष्ट लिहिलेलं होतं तो कागद घरात कुणाला वाचता आला नाही.

तेव्हापासून मी पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून देते: दोन रेषा म्हणजे नाही, एक रेष म्हणजे आहे, सीपाशी रेषच नाही तर पट्टी बाद. कंपन्यांना हे मराठीत छापायला काय अडचण आहे मला कळत नाही. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर मराठी असतं, फवारणीच्या औषधावर असतं. ज्या पट्टीवरून घरात पोराचा निवाडा होतो तिच्यावर असायलाच हवं.

दुसरी अडचण आपल्या हवेची. खोक्यावर लिहिलेलं असतं की २ ते ३० अंशांत ठेवा. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या दुकानात किंवा पार्सलच्या गाडीत दिवस दिवस तापलेली पट्टी खरं सांगेल याची हमी कोण देणार? उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलेली पट्टी मी तरी कुणाला वापरा म्हणणार नाही. सीपाशी रेष उमटत नाही अशा तक्रारी आमच्याकडे याच महिन्यांत येतात.

आता पट्टी खरंच काय सांगते ते. गांज्यातला नशा आणणारा घटक टीएचसी. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे उरतं ते लघवीतून जातं, आणि पट्टी तेच पकडते. साधारण एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर एक रेष, खाली असेल तर दोन. बस, एवढंच. किती ओढला, कधी ओढला, एकदा की रोज, कुणाबरोबर, का, यातलं काहीही तिला कळत नाही. कुणी ओढत असताना शेजारी नुसत्या उभ्या असलेल्या मित्राला ती सहसा पकडत नाही, म्हणजे ‘मी नुसता बाजूला होतो’ हे खरंही असू शकतं आणि तेव्हा पट्टी दोन रेषाच दाखवते. होळीला भांग प्यायलेल्या पोराला मात्र ती पकडते, कारण झाड तेच आहे.

टीएचसी चरबीत साठतो आणि तिथून हळूहळू सुटतो. एखाद्या वेळेला दोन दम मारले तर तीनेक दिवसांत लघवी साफ होते. रोज ओढणाऱ्याची साफ व्हायला महिना लागतो, कधी जास्तही. खोक्यावर हे बारीक अक्षरांत असतं आणि नेमकं हेच आईबापांना माहीत असायला हवं. कारण मी जे पाहिलंय ते असं: पोराने खरोखर सोडलेलं असतं, पंधरा दिवस झालेले असतात, बाप पट्टी लावतो, एक रेष येते. पोरगा सांगतो, सोडलंय. बाप म्हणतो, खोटारडा. दोघांमधलं जे थोडंफार शिल्लक असतं ते त्या दिवशी संपतं. एका पोराने माझ्यासमोर वडिलांना सांगितलं, “तुम्ही नाहीतरी विश्वास ठेवणारच नाही, मग मी सोडून काय मिळवलं?” अकरावीचा मुलगा, डोळ्यात पाणी. त्याच्या बाजूने शास्त्र होतं. वडिलांना मी समोर बसवून समजावलं, पण तोपर्यंत त्यांचं ठरलं होतं, “आते याले घरमाच कोंडी ठेवसू.”

सोडल्यावर पहिल्या आठवड्यात पोरगं जास्तच चिडतं, हेही घरच्यांना ठाऊक नसतं. झोप लागत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, जेवण जात नाही, घाम येतो, अंगात अस्वस्थता. हे साधारण एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि दोनेक आठवड्यांत उतरत जातं. आई म्हणते, आधी निदान शांत तरी असायचा, आता ताट भिरकावतो, म्हणजे जास्तच घेत असणार. घेत नाहीये म्हणूनच तसं होतंय. ज्या दिवसांत त्याला घरातलं एक माणूस बाजूने हवं असतं त्याच दिवसांत घर त्याच्यावर तुटून पडतं.

पट्टी चुकतेही. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलने टीएचसीची चाचणी चुकून पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी त्या औषधाच्या माहितीपत्रकात आहेत. आपल्याकडे हे औषध किती खपतं ते मी रोज बघते, शेवभाजीच्या मुलखात दर दुसऱ्या घरात त्याची स्ट्रिप असते. म्हणून पट्टीवर एक रेष आली की आधी विचारायचं, पोरगा काही गोळ्या घेतोय का. आणि पक्कं करायचं असेल तर लॅबमध्ये पुढची तपासणी होते, ती वेगळ्या पद्धतीची आणि महाग असते. नुसत्या पट्टीवर कुणाला गंजेडी ठरवू नका.

उलट बाजूही सांगते. पोरं हुशार असतात. तपासणीच्या आधी दोन-तीन तांबे पाणी पिऊन लघवी पातळ करतात आणि दोन रेषा येतात. सकाळची पहिली लघवी घेतली तर हा प्रकार कमी होतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही पट्टी फक्त गांजा पकडते. झोपेच्या गोळ्या, ज्यांना धुळे-मालेगावकडची पोरं ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, त्या ती पकडत नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध पकडत नाही. पंक्चरचं सोल्युशन रुमालावर टाकून हुंगणारी लहान पोरं तर कुठल्याच पट्टीत दिसत नाहीत. झोपेच्या गोळ्यांतलं अल्प्राझोलाम आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर देता येत नाहीत, आणि दिल्या तर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. माझ्या काउंटरवर तरी हे पाळलं जातं. जिथे पाळलं जात नाही तिथूनच गोळ्या शाळेपर्यंत पोचतात, आणि आमच्या धंद्यातल्या माणसांनी हे जोरात बोलायला हवं. गांजा बंद करून पोरगं गोळ्यांवर गेलं तर पट्टी दोन रेषा दाखवत राहील आणि आई देवापुढे दिवा लावेल.

मग मी काय बघते? काउंटरवर बसून वर्षानुवर्षं बघितलं की काही गोष्टी समजायला लागतात. डोळ्यांची लाली घालवायचा ड्रॉप दर आठवड्याला नेणारा सोळा वर्षांचा पोरगा. अचानक रात्री भूक लागून बिस्किटांचे पुडे संपवणारा. सकाळी उठवत नाही. क्लासला जातो पण शिकवलेलं संध्याकाळी आठवत नाही. क्रिकेट सोडलं, जुने मित्र सोडले. यातलं एकेक लक्षण वयाचंही असू शकतं, म्हणून एकावरून काही ठरवायचं नाही. पण सगळी एकत्र आली आणि दोन-तीन महिने टिकली तर बोलायची वेळ झाली.

आठवण राहात नाही हे त्याचं नाटक नसतं. मेंदूत आठवणी साठवायचा जो भाग आहे आणि विचार करून निर्णय घ्यायचा जो पुढचा भाग आहे, तिथेच टीएचसीचं काम चालतं. हा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. चाळिशीतल्या माणसाने चिलीम ओढणं आणि पंधरा वर्षांच्या पोराने ओढणं हे म्हणूनच एक नाही. गांजा ओढणाऱ्या सगळ्यांचा विचार केला तर साधारण दहातला एक त्याच्या आहारी जातो, पण किशोरवयात सुरू करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सहातल्या एकापर्यंत जातं. घरात कुणाला वेड लागण्याचा, भास होण्याचा आजार असेल तर अशा पोराने गांज्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. लवकर सुरू करणाऱ्यांत आणि रोज ओढणाऱ्यांत त्या आजाराचा धोका वाढतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. बुद्ध्यांकाचं मात्र मी जपून सांगते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांना मोठं होईपर्यंत तपासत राहिले. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, किशोरवयात लागलेली सवय पुढे अनेक वर्षं चालू ठेवणाऱ्यांचा बुद्ध्यांक सरासरी ८ गुणांपर्यंत घसरलेला दिसला. नंतर जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांनी त्यावर प्रश्न उभे केले, घरची परिस्थितीही कारण असू शकते म्हणून. त्यामुळे ‘एकदा ओढलं की डोकं गेलं’ असं पोराला सांगू नका. त्याच्या वर्गात ओढून पहिला आलेला कुणीतरी असतो, आणि मग तो तुमचं बाकीचं खरंही ऐकत नाही.

देशात किती मुलं? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते १७ वयाची साधारण २० लाख मुलं भांग-गांजा-चरस यांपैकी काहीतरी घेतात असा अंदाज आहे. आपल्या भागात माल यायला लांबून यावा लागत नाही हेही आहे. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आडोशाने लावलेली गांज्याची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या वारंवार वाचतो. चोपडा, अमळनेर, धुळे, सगळं हाकेच्या अंतरावर.

आणि घरांचं काय होतं ते मी शब्दांत नीट मांडू शकेन की नाही माहीत नाही, पण प्रयत्न करते. पट्टी घ्यायला आई एकटी येते. नवऱ्याला कळलं तर मारेल म्हणून लपवते. पैसे चिल्लर मोजून देते, म्हणजे ते डब्यातले असतात. मग विचारते, पोराला न सांगता लघवी कशी घ्यायची? काही घरांत हे काम धाकट्या बहिणीला देतात. ‘दादा बाथरूममधून आला की बघ, पाणी टाकू देऊ नको.’ दहा-अकरा वर्षांची पोरगी भावावर पाळत ठेवते. भावाला कळलं की तो तिच्याशी बोलायचं सोडतो, आणि तिला आपण काय चुकलो तेच कळत नाही. मी अशा वेळी पट्टी देतच नाही. आधी पोराशी बोला, मग या, असं सांगून परत पाठवते. विक्री जाते ती जाऊ दे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आईबापांनी घरी अशी तपासणी करण्याबद्दल गंभीर शंका नोंदवल्या आहेत, आणि त्यांची कारणं वाचली तेव्हा ती मला माझ्या काउंटरवरचीच वाटली: निकाल चुकीचा वाचला जातो, आणि पोराचा विश्वास जातो.

काही घरांत बापच ओढतो. शेतावर, भजनाला, कुठेतरी साधूच्या संगतीत लागलेली चिलीम. अशा घरातला पोरगा पट्टी बघून एकच प्रश्न विचारतो: यांचीपण तपासा. मला या प्रश्नाचं उत्तर कधी देता आलेलं नाही, कारण तो बरोबर बोलतोय. घरात लहान बाळ असेल तर आणखी एक धोका. भांगेची गोळी, गांजा घातलेली मिठाई हाताच्या अंतरावर राहिली आणि दोन-तीन वर्षांच्या पोराने तोंडात घातली, तर ते सुस्त होतं, चालताना लडखडतं, उठवलं तरी उठत नाही, श्वास मंदावू शकतो. अशा वेळी घरी लिंबूपाणी पाजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि डॉक्टरला खरं सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईने घेतलं तर दुधातूनही बाळाकडे जातं.

पट्टी कुठे कामाला येते तेही सांगायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. एक पोरगा स्वतःच आला. आयटीआयला आहे. म्हणाला, मी सोडलंय, पण घरात कुणी मानत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय की पाच-सहा आठवड्यांनी तपासत जा, पट्टी द्या. त्याने आईसमोर बसून, स्वतःच्या हाताने, स्वतः ठरवलेल्या दिवशी तपासणी केली. दोन रेषा आल्या. आईने ती कॅसेट टाकली नाही, माझ्याकडे घेऊन आली आणि नुसती काउंटरवर ठेवली. तिथे पट्टी पोराच्या बाजूने साक्ष द्यायला उभी होती. डॉक्टर किंवा समुपदेशक बरोबर असेल, पोराला माहीत असेल, त्याची हरकत नसेल आणि सोडून पुरेसे आठवडे झाले असतील, तर ही दोनशे रुपयांची वस्तू चांगलं काम करते. माझं मत एवढंच आहे. ती उपचाराचा एक भाग म्हणून घ्या. चौकशी करायला घेणार असाल तर पैसे वाचवा.

उपचार म्हणजे काय, हेही लोक विचारतात. गोळीची अपेक्षा असते. गांज्याची सवय सोडवणारं असं मान्यताप्राप्त औषध नाही. झोप, चिडचिड यांसाठी डॉक्टर थोडे दिवस काही देतात, पण मुख्य काम बोलण्याचं आहे, पोराशी आणि घरच्यांशीही. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत. तिथे जायला लाज वाटते म्हणतात. मी म्हणते, केसपेपर काढताना कुणी तुमच्याकडे बघत नाही, सगळे आपापल्या काळजीत असतात. जायचं धाडस होत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फुकट आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

खाजगी केंद्रात ठेवायचं असेल तर मात्र डोळे उघडे ठेवा. ओळखीतल्या एका घराने सतरा वर्षांच्या पोराला लांबच्या एका केंद्रात ठेवलं. दारूसाठी आलेल्या पन्नाशीच्या माणसांबरोबर एकाच खोलीत. आईबापांना पहिले काही आठवडे भेटू दिलं नाही. पोरगा परत आला तो गांजा सोडून नाही, बोलणं सोडून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि तो स्पष्ट सांगतो की अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, आणि दाखल आहे तोवर पालक किंवा पालकाने नेमलेलं माणूस त्याच्याजवळ राहायलाच हवं. ‘तुम्ही जा, आम्ही बघतो’ म्हणणारं केंद्र दिसलं की पोराला घेऊन परत फिरा. मुक्तांगणसारखी संस्था पुण्यात १९८६ पासून उभी आहे, आपल्याकडूनही लोक जातात. घरच्यांना बरोबर घेऊन काम करणारी जागा शोधा, ती कुठलीही असो.

शेवटी पोलिसांची भीती. जवळजवळ प्रत्येक आई विचारते, हा निकाल पोलिसांत जाईल का? घरी केलेल्या पट्टीचा निकाल घरातच राहतो, मी कुणाला कळवत नाही, कळवायचा नियमही नाही. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा ओढणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अठरा वर्षांच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तुरुंगात नाही. आणि त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, व्यसनाधीन माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. डॉक्टरकडे जायला घाबरू नका. घाबरायचं असेल तर ज्याने पोराच्या हातात पुडी दिली त्याने घाबरावं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पानटपरीवाल्यांना हे कलम ठाऊक नसतं. माझ्या ओळखीच्या दोघांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी शाळेतल्या पोरांना रोलिंग पेपर देणं बंद केलं.

घ्यायचीच असेल तर मुदत तपासा, पाकीट फुगलेलं किंवा कापलेलं नको, उन्हाळ्यात थंडाव्यात ठेवलेल्या दुकानातूनच घ्या, आणि लावायच्या दिवशीच फोडा. लागोपाठ रोज लावू नका, त्यातून काही कळत नाही, आठवड्यातून एकदा पुरे. पोरगा घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून आणा, मी बघून सांगते. आणि शक्य असेल तर पहिल्या वेळी त्यालाच बरोबर घेऊन या. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते.